तुमच्या पोटातला खडा

सर, आज सकाळी माझ्या लॅबमध्ये उमरीहून एक बाई आल्या. रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे कोलेस्ट्रॉल म्हनजे नेमकं हाय काय हो? सगळे म्हनतेत वाढलं, वाढलं. पन हाय काय ते?" नांदेडात ही लॅब चालवून मला तीस वर्षं होत आली. किती आहे, हे प्रत्येक जण विचारतो. काय आहे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि बोलत सुटले. बाहेर पेशंट खोळंबलेत, रक्त घेणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघून राहिल्यात, आणि मी आपली पित्त, मेण, यूनान, सुरमा करत बसलेय. मधेच माझ्या लक्षात आलं की यातला एकही शब्द माझा नाही. हात हलवायची तऱ्हासुद्धा तुमची. बाई गेल्या, जाताना म्हणाल्या, "लई भारी सांगितलं बगा, आता भ्या न्हाई वाटत." दुपारी डबा तसाच ठेवला आणि कागद पुढ्यात ओढला. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. तुमच्या खड्याच्या बाबतीत मी तुमच्याशी खोटं बोलले होते सर, आणि ते मला कधीतरी नीट सांगायचं होतं.

लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या लागत होत्या, पाटीचा रंग वाळायच्या आधीच आत खुर्च्या-टेबलं शिरत होती, आणि गावात नळाला पाणी नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. "जिल्हा दिला आन् पानी द्यायचं विसरले," असं तुम्ही वर्गात म्हणायचात आणि आम्ही हसायचो, कारण हसण्यावाचून दुसरं करणार काय. आमच्या हॉस्टेलवर एका मुलीला दिवसाला एक बादली. कॉलेजच्या लॅबमध्ये तर तुम्ही बेसिनच्या भोकात चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. ॲसिडचं पाणी वेगळ्या बरणीत, आणि बाकी सगळं धुणं दाराजवळच्या पत्र्याच्या बादलीत. ती बादली संध्याकाळी लॅबचे शिपाई मामा मागच्या कडुलिंबाच्या रोपांना घालायचे. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून दोन घोट पाणी बेसिनमध्ये सांडलं तर तुम्ही केवढ्यानं ओरडला होतात! त्यानंतर आम्हा मुलांच्या हाताला वळणच पडलं. भांड्यात खाली काही उरलं, की डोळे झाकून बादलीत.

मी उदगीरची. अप्पांचं मोंढ्यात धान्याचं दुकान, घरात कानडी, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. आमच्या घराण्यातली लातूरला शिकायला आलेली पहिली मुलगी मी. त्या वर्षी मोंढ्यात माल येत नव्हता, अप्पा दिवसभर रिकाम्या गादीवर बसून चिडचिड करायचे आणि निलंग्याच्या एका स्थळाची चिठ्ठी खिशात घेऊन फिरायचे. मला सोडायला स्टँडवर आले तेव्हा स्पष्ट बोलले, "एक विषय जरी राहिला ना, तर पुस्तकं तिथंच ठेवायची आन् घरी यायचं. मग रडायचं न्हाई." अप्पा वाईट नव्हते सर. पण बोललेलं करणारे होते. मला बी.एस्सी. पास व्हायलाच हवं होतं, नाहीतर आज मी निलंग्यात कुणाच्या तरी घरी पापड लाटत बसले असते.

आणि नेमकं अंडं आडवं आलं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला प्रत्येकानं स्वतः काढलेल्या कोलेस्टेरॉलचा नमुना छोट्या नळीत घालून ठेवायचा होता. बाहेरून आलेले परीक्षक तो बघणार, त्यावर प्रश्न विचारणार. नमुना नाही तर पास नाही. आणि तो काढायचा अंड्याच्या बलकातून! मी टेबलापासून दोन हात लांब उभी राहिले. मैत्रिणीच्या बशीतल्या त्या पिवळ्या गोळ्याकडे पाठ केली. मग मी शहाणपणा केला, पुस्तकातलं चित्र बघून जर्नलमध्ये स्फटिकांची सुरेख आकृती काढली आणि खाली निरीक्षण लिहिलं. तुम्ही पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या टेबलावरची कोरडी भांडी बघितली. "तूने देखा क्या?" मी जर्नल मिटायला गेले. "देखा नहीं, तो लिखा कैसा?" आणि सगळ्या वर्गासमोर लाल पेन्सिलीनं पानावर आडवी रेघ मारलीत. इतकी दाबून की खालच्या दोन पानांवर वळ उठले. मी रडत रडत सांगितलं की आमच्यात अंड्याला शिवत नाहीत. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. मग म्हणालात, "हे आधी सांगायचं ना बेटा. चोरी कायकू करती?"

त्याच तासाला तुम्ही तो शब्द फोडून दाखवलात. मला वाटतं माझ्यासाठीच. फळ्यावर तीन तुकडे लिहिले: कोले, स्टेर, ऑल. "कोले म्हणजे पित्त. माझे अब्बा हकीम होते, ते याला सफरा म्हनायचे. स्टेर म्हणजे घट्ट, ठोस. दोन्ही यूनानी." यूनानी दवाखान्याची पाटी आम्ही जन्मभर बघत आलेलो. यूनान म्हणजे ग्रीस, हे मला त्या दिवशी कळलं, आणि उदगीरच्या गल्लीतली ती हिरवी पाटी एकदम केवढी तरी लांबची वाटायला लागली. तुम्ही स्वतः हैदराबादेत उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे शब्द तुमच्या हातात एखाद्या वस्तूसारखा यायचा. तुम्ही सांगितलंत की दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लोकांनी माणसाच्या पित्ताचे खडे फोडले, गरम स्पिरिटमध्ये विरघळवले, आणि थंड केल्यावर आतून पांढरंशुभ्र काहीतरी निघालं. नाव ठेवलं, घट्ट पित्त. पुढे कळलं की हे पित्त नव्हेच, हे एक अल्कोहोल आहे, पण मेणासारखं. म्हणून शेवटी ऑल जोडलं. मग त्याचे भाऊबंद लोकरीत सापडले, तेलबियांत सापडले, यीस्टमध्ये सापडले. तिथं कुठलं आलंय पित्त? मग सुरुवातीचं कोले गळालं आणि सबंध कुळाला नाव उरलं स्टेरॉल. घट्ट अल्कोहोल, बस.

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसफुसलं, "म्हनजे दारूच की!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "अल्कोहोल शब्द कुठला माहीत हाय? अरबी. अल-कुह्ल. म्हणजे सुरमा. डोळ्यात घालायची बारीक पूड. आधी पुडीला म्हनायचे, मग कुठल्याही शुद्ध केलेल्या चीजेला, मग अर्काला." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणालात, "हे बघ बेटा. तू पीत न्हाईस, मी पीत न्हाई. तू अंडं खात न्हाईस, मी खातो. पन तुझ्या आन् माझ्या पेशीपेशीच्या भिंतीत हे बसलेलं हाय. ते नसेल तर भिंत उभी राहत न्हाई. तुझं शरीर स्वतः करतं. कुनाला विचारत न्हाई, बाजारातून आनत न्हाई." सर, मला काटा आला अंगावर. मी बाकाखाली स्वतःचा हात दाबून बघितला. या हातात यूनान आहे, अरबस्तान आहे, हकिमांचं पित्त आहे, आणि मी उदगीरची एक भित्री मुलगी आहे. त्या दिवशी हॉस्टेलवर जाताना मला वाटेतली माणसं, म्हशी, वाळलेली तुरीची धसकटंसुद्धा वेगळी दिसत होती. सगळ्यांच्या आत कुठं ना कुठं तेच कुळ. देवळात गेल्यावर वाटतं तसं वाटलं. खोटं नाही सांगत.

मग महिनाभर तुम्ही आला नाहीत. पोटात कळा उठायच्या म्हणे, तुम्ही कुणाला बोलला नव्हतात. मुदखेडला सासुरवाडी म्हणून ऑपरेशन तिथून जवळच्या नांदेडच्या दवाखान्यात केलं. परत आलात ते अर्धे होऊन, शर्ट खांद्यावर लोंबतोय, कुशीवर हात धरून चालताय. मला लॅबमध्ये बोलावलं आणि खिशातून औषधाची एक छोटी बाटली काढलीत. आत खडा. बोराएवढा, फिक्कट, गुळगुळीत. "घे," म्हणालात. "तुझा अंड्याचा प्रॉब्लेम गेला. पोटातून कोंबडी न्हाई निघाली, हे निघालं." मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "सर, हे तुमचं..." तुम्ही म्हणालात, "हाव, माझंच. फ्रान्सवाल्यांनी असाच खडा घेतला होता. तू शब्दाच्या मुळापासून सुरू कर." आणि मग थोडं ओशाळून सांगितलंत की घरी यावरून भांडण झालंय. अंगातून निघालेली चीज दफन करायची असते, असं तुमच्या बेगमनी, म्हणजे आमच्या खालांनी, तुम्हाला बजावलं होतं. तुम्ही त्यांना शब्द दिला होता की परीक्षेपुरतं थांब, जे पांढरं निघेल ते आणून पुरतो. एकच खडा होता सर. दुसरा नव्हता. तो तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात, आणि जिला शिवल्यावर माझ्या घरच्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नसतं अशी ती वस्तू मी मूठ मिटून घट्ट धरली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी तो खलात कुटला. आत चमचमणारे किरण होते, मधून बाहेर गेलेले. स्पिरिटमध्ये उकळला, गरम असतानाच गाळला. कागदावर काळपट गाळ राहिला, खाली पाण्यासारखा स्वच्छ द्राव उतरला. सगळं बरोबर. तो द्राव नुसता थंड होऊ द्यायचा होता. कागद उचलून मी बाजूला ठेवला, चंचुपात्र हातात घेतलं, तळाशी पाण्यासारखं काहीतरी आहे हे बघितलं, आणि वर्षभराच्या सवयीनं दोन पावलं जाऊन ते दाराजवळच्या बादलीत ओतलं.

ओतता ओतताच कळलं. पाण्यात पडल्याबरोबर ते दुधासारखं पांढरं झालं, आणि त्या दुधातून बारीक चकचकीत पापुद्रे वर आले, उन्हात फिरायला लागले. घट्ट होत होतं सर. तुम्ही फळ्यावर लिहिलेला तो मधला तुकडा माझ्या डोळ्यांसमोर होत होता, साबणाच्या फेसात, सोड्याच्या गढूळ पाण्यात. मी हात घालून धरायला गेले, बोटांतून निसटलं. क्षणभर, अगदी एक क्षण, मला ते नुसतं सुंदर वाटलं. मग मी तिथेच फरशीवर बसले. निलंगा दिसायला लागलं.

मामा आले. "काय झालं ताई? असं काऊन बसल्या?" मी सांगितलं. त्यांनी बादलीत वाकून बघितलं, डोक्याला हात लावला. "आरं देवा! सरांचा खडा?" मग सरळ बाहेर गेले. मला वाटलं तुम्हाला बोलवायला गेले. तर घरी जाऊन आले. धोतराच्या सोग्यात दोन अंडी. "कोंबडी दुष्काळातबी देऊन राहिली," म्हणाले. "घ्या. जीव न्हाई त्यात. मी तोंड फिरवून उभा राहतो, कुनी बगनार न्हाई." आणि खरंच दाराकडे तोंड करून पहाऱ्यावर बसल्यासारखे बसले. मी पहिलं अंडं हातात घेतलं. कोमट होतं. मला वाटलं होतं काहीतरी होईल, वीज तरी पडेल. काही झालं नाही. फोडलं, बलक वेगळा केला, कॉस्टिक घालून उकळला, ईथरनं ओढून घेतला, दिवे लागायच्या आत नळीत चिमूटभर स्फटिक होते. थोडे पिवळट, पण चमकणारे. रिकामी टरफलं मामांनी घरी नेली.

तुम्हाला सांगायला मी तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. तुम्ही टेबलावर डोकं ठेवून पडला होतात, जखम दुखत असावी. मी परत फिरले. सांगितलं असतं तर तुम्ही परीक्षकांना सगळ्यांसमोर खरं सांगितलं असतंत आणि अंड्याची गोष्ट उदगीरला अप्पांच्या कानावर गेली असती, अशी मला भीती होती. आणि खालांना काय सांगितलं असतंत, तो विचार तर मी केलाच नाही.

परीक्षक कुठल्या तरी मोठ्या गावाहून आलेले, घामानं बेजार, आमच्याकडे प्यायला दिलेल्या पाण्याकडे संशयानं बघणारे. माझी नळी उचलली. "कशातून काढलं?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कडेला उभे होतात, हात कुशीवर. म्हणालात, "माझ्या पोटातून, साहेब." ते दचकले, मग तुम्ही सगळी हकिकत सांगितली, आणि ते इतके हसले की त्यांनी पाणीही पिऊन टाकलं. मग नळी उजेडात धरून विचारलं, "पण हे पिवळं का?" मी मेले. तुम्ही नळी हातात घेतलीत. बराच वेळ बघितलंत. वास घेतलात. मग शांतपणे म्हणालात, "पित्ताचा रंग थोडा राहतो." परीक्षकांनी मान डोलावली. मला म्हणाले, "चाचणी करून दाखवा." मी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं, पुढचं औषध घातलं, वरून सल्फ्युरिकचे थेंब सोडले. आधी लालसर, मग निळं, मग गर्द हिरवं. "सबंध जिल्ह्यात एवढीच हिरवळ हाय साहेब, मार्क चांगले द्या," तुम्ही म्हणालात. त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला, मी यूनानपासून सुरमादाणीपर्यंत एका दमात सांगितलं. पास झाले. अप्पांनी निलंग्याची चिठ्ठी चुलीत घातली आणि मला पुढे शिकायला नांदेडला धाडलं.

उरलेली नळी तुम्ही खिशात घालून घरी नेलीत. तुम्ही ती कब्रस्तानात कडेला, तुमच्या अम्मांच्या कबरीच्या पायथ्याशी पुरून आलात, असं मामांनी मला सांगितलं. खाला नमाज पढल्या म्हणे. खरा खडा मामांनी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीच बादलीतल्या पाण्यासकट कडुलिंबाच्या आळ्यात ओतला होता. पुढे तुम्ही ती गोष्ट कुणाकुणाला सांगत राहिलात, "माझ्या पोटातला दगड या पोरीनं चांदी केला," आणि मी शेजारी उभी राहून मान खाली घालायची. लोकांना वाटायचं मुलगी नम्र आहे.

बरीच वर्षं मी समजत होते की मी तुम्हाला फसवलं. मग इथं नांदेडात ओळखीच्या सर्जनांनी मला एका पेशंटचा तसाच फिक्कट खडा दिला, आणि मी तो जुन्या हौसेनं गाळून थंड करत ठेवला. सकाळी बघते तर पांढरे पापुद्रे. शुभ्र. पिवळेपणाचं नाव नाही, वास नाही. मी स्टुलावर बसूनच राहिले. तसा पिवळा नमुना अंड्याचाच येतो, पहिल्या वर्षाच्या पोरालाही वर्षभर बघून कळतो. तुम्ही तर तीस वर्षं शिकवत होतात. तुम्हाला नळी हातात घेतल्याबरोबर कळलं होतं सर. लाल पेन्सिलीनं पान फाटेस्तोवर रेघ मारणारा माणूस परीक्षकांसमोर धडधडीत खोटं बोलला. मग पुरलंत काय? आणि खालांना काय सांगितलंत? खरं सांगितलंत की त्यांनाही माझ्यासाठी फसवलंत?  तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी लातूरला हेच विचारायला आले होते. तुम्ही ओळखलंत, बसायला सांगितलंत, खालांनी सरबत आणलं. मी ग्लास हातात धरून बसलेली. तुम्ही विचारलंत, "कुछ बोलना था क्या बेटा?" मी म्हटलं, "न्हाई सर, सहज आले होते." खाला तिथेच बसल्या होत्या.

आता हा कागद कुठं पाठवणार. ड्रॉवरमध्ये राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगते, ते मी मामांनाही कधी बोलले नाही. लाज मला वाटली, खूप वाटली, पण ती हॉस्टेलवर गेल्यावर. नळी हिरवी होत होती तेव्हा मला तुमचा खडा आठवला नाही, माझं खोटं आठवलं नाही, अप्पासुद्धा आठवले नाहीत. मी नुसती बघत होते, आणि मनात एकच होतं, हे मी केलं. सर, इतका आनंद मला त्यानंतर कशानंच झाला नाही.